झेंडूच्या माळांखालची आग

कर्जतला कशाला चाललात, असं आमच्या सोसायटीत जो तो विचारत होता. माथेरानला जा, अलिबागला जा, कर्जतला गाडी थांबली की खिडकीतून बटाटेवडा घ्यावा आणि पुढे जावं, असा एकंदर पुणेरी सूर. मी सांगितलं, लग्नाला चाललेय आणि आमच्या गाडीनं चाललेय. मग मात्र सगळे गप्प झाले. खालच्या मजल्यावरचे आजोबा तेवढे म्हणाले, "नंदाताई, रेल्वेनं जा हो."

आमची गाडी म्हणजे माझ्या वडिलांनी चौसष्ट साली घेतलेली हिरवीगार चारचाकी. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की वाचणारा लगेच "आमच्याकडे पण होती" म्हणून सुरू होतो आणि माझा प्रवास बाजूला राहतो. वडिलांनी ती चालवली, मी तिच्यावर शिकले, आणि आता त्या गाडीला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. माझा नवरा सुहास तर लावतच नाही. तो शेजारी बसतो आणि काळजी करतो.

माझी सगळी नोकरी सरकारी इस्पितळात सिस्टर म्हणून झाली. त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि माझ्यासमोर कोणी घाबरलेलं मला खपत नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

लग्न होतं रेश्माचं. रेश्मा म्हणजे माझ्या शोभाची मुलगी, आणि शोभा म्हणजे नर्सिंगच्या हॉस्टेलमधली माझी जिवाभावाची मैत्रीण. तिचं गाव पळसदरीजवळ. रेश्मा लहान असताना पुण्याला आली होती, तेव्हा या गाडीच्या मागच्या सीटवर बसून तिने जाहीर केलं होतं, की माझी वरात हिच्यातनंच निघणार. पोरं काय, बोलतात. पण दिवाळीनंतर तिचा फोन आला, "मावशी, गाडी हाय ना अजून? लग्न ठरलं." मला इतका आनंद झाला, की त्याच संध्याकाळी मी गाडी मेकॅनिककडे नेऊन उभी केली.

आता त्या लाल सिलिंडरबद्दल. मागच्या वर्षी आम्ही जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्याला गेलो होतो. तिथे आमच्या डोळ्यांदेखत एक सुंदर क्रीम रंगाची गाडी पेटली. बॉनेटखालून धूर आला, मालकाने धावत जाऊन बॉनेट सताड उघडलं, आत एकदम वारा गेला आणि ज्वाळा त्याच्या डोक्याच्या वर गेली. आग विझवायचं सिलिंडर त्याच्याकडे होतं, पण ते डिकीत, स्टेपनीखाली, बॅगांखाली. बाकीचे लोक मोबाइल धरून उभे होते. गाडीचा सांगाडा राहिला. सुहास घरी आला तो जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी असलं एक सिलिंडर घेऊन आला. आमच्या मेकॅनिकनेही त्याच्या भीतीला आणखी खतपाणी घातलं. आताच्या पेट्रोलमध्ये स्पिरिट मिसळलेलं असतं, म्हणे, आणि जुन्या रबरी पाइपांना ते आतून खातं. बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो आणि आतून मेलेला असतो. झालं. तेव्हापासून सुहास रोज सकाळी त्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का बघतो, आतली पावडर बसू नये म्हणून ते उलटं धरून थोपटतो, आणि मी त्याला विचारते, ढेकर आला का.

घाट उतरताना

जुन्या रस्त्यानेच उतरायचं, हे ठरलेलं होतं. फेब्रुवारीतली सकाळ, खंडाळ्यात गार वारा, गाडी खुशीत. पुण्याचे आम्ही लोक घाटाचा विचार धबधब्यांवरून करतो, पण तो बघायचा तर असा कोरडा बघावा. गवत सगळं पिवळं झालेलं, कडे उघडे पडलेले, आणि मध्येच एखादा पळस पेटल्यासारखा लाल. शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी थांबवली. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते देऊळ, येणारा-जाणारा ड्रायव्हर तिथे हात जोडतोच. माझ्यापुढे एक ट्रकवाला उभा होता. त्याने देवाला हात जोडले, मग माझ्या गाडीला जोडले, आणि विचारलं, "अ‍ॅव्हरेज काय देते?"

हा प्रश्न मला पुढे दोन दिवस प्रत्येकाने विचारला. नमस्कार नंतर, अ‍ॅव्हरेज आधी.

खोपोलीत उतरलो तेव्हा ब्रेकचा वास येत होता, म्हणून थोडा वेळ थांबलो. डोंगरावरून वीजघराचे जाडजूड नळ खाली आलेले दिसतात, त्यांच्याकडे तोंड करून चहा प्यायलो. सुहासचं सिलिंडर त्याच्या सीटच्या खाली पट्ट्याने बांधलेलं असतं, पण ब्रेकच्या वासाने तो घाबरला आणि ते मांडीवर घेऊन बसला. चहावाली बाई बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "काका, त्ये काय हाय? तूप?"

"आग विझवायचं आहे," सुहास म्हणाला.

"मंग गाडीच नवी घ्या की," ती म्हणाली आणि आत गेली. मला ती बाई फार आवडली.

पळसदरी

शोभाचं घर भातखाचरांच्या काठाला आहे. मागे डोंगर, आणि त्या डोंगराच्या पोटातून घाटाची रेल्वे वर चढते. मालगाडीला मागून दोन इंजिनं ढकलत असतात, तो आवाज घरात बसून ऐकू येतो. शोभाला तो ऐकू येत नाही, कारण ती जन्मल्यापासून ऐकतेय. मी मात्र प्रत्येक वेळी अंगणात धावत होते.

"अगं ती रोजच जाते गं," शोभा म्हणाली. "तू बस. नायतर नवरीची मावशी येडी हाय म्हणतील."

खाचरांमध्ये बायका राब भाजायची तयारी करत होत्या. आमच्या देशावरच्या शेतात हा प्रकार नाही. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची, तिथे शेण, पाला आणि गवत यांचे थर देऊन, वर माती टाकून ते पेटवतात. ज्वाळा करायची नाही, नुसतं धुमसत ठेवायचं. चहूबाजूंनी आधी गवत साफ करतात, वारा कुठला ते बघतात, आणि हाताशी ओल्या डहाळ्या ठेवतात. मी विचारलं, डहाळ्या कशाला? तर एकजण म्हणाली, "पळाली तर झोडायला." आग पळते, हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं, की सुहासने लगेच जाऊन तिला आपलं सिलिंडर दाखवलं.

संध्याकाळी पोपटी लावली. पुण्यात आपण हुरडा खायला जातो आणि त्याचं केवढं कौतुक करतो, पण मी आता सांगते, पोपटी ती पोपटीच. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा, पुन्हा वरून पाला गच्च दाबायचा. पाण्याचा थेंब नाही. मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. झालं की नाही ते मडक्यावर पाणी शिंपडून, चर्र आवाज ऐकून ठरवतात. शेंगा तोंडात टाकल्या आणि मी शोभाला म्हटलं, तू हे हॉस्टेलमध्ये असताना सांगितलं नाहीस, मी तुला कधी माफ करणार नाही. ती हसायला लागली.

जाळापाशीच सगळे बसले होते, हळद लागलेली रेश्मासुद्धा. तिथे सुहासला श्रोते मिळाले. त्याने सिलिंडर मध्ये ठेवलं आणि समजावायला सुरुवात केली. पिन ओढायची. ज्वाळेवर मारायचं नाही, ज्वाळेच्या बुडाला मारायचं. बॉनेट उघडायचं नाही, फट करायची आणि फटीतून मारायचं. पेट्रोलवर पाणी टाकायचं नाही, टाकलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत दुसरीकडे जाऊन पेटतं. अर्धे लोक हसत होते. शोभाचा भाऊ बाळूमामा म्हणाला, "भाऊजी, आमच्या हळदीला आल्यात का फायर ब्रिगेडच्या ट्रेनिंगला?" रेश्मा हसली नाही. तिने विचारलं, "किती वेळ चालतं हे?"

"फार नाही. काही सेकंद," सुहास म्हणाला. "म्हणून तर नीट मारायचं."

सजलेली गाडी

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले आणि माझी गाडीच सापडेना. जिथे ती होती तिथे झेंडूचा एक मोठा ढीग होता.

बाळूमामाने पहाटे उठून ती सजवली होती. त्याचं फुलांचंच काम. बॉनेटवर आडव्या-उभ्या माळांची जाळी, पुढच्या लोखंडी जाळीवर फुलांचा गालिचा, दारांवर माळा, मध्ये दोघांची नावं. दृष्ट लागावी असं काम, खोटं कशाला बोलू. पण माळा दोऱ्याने बांधलेल्या नव्हत्या. बांधकामाची बारीक तार होती, खालून ओढून पिळून घट्ट केलेली.

"पुण्यापर्यंत गेली तरी एक फूल हलनार नाय," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मामा, अहो पुढून इंजिनाला वारा लागतो. समोरची फुलं तेवढी काढू या का?"

त्याचा चेहरा पडला. आजूबाजूच्या बायकाही माझ्याकडे बघायला लागल्या. नवरीच्या गाडीवरची फुलं, नवरी घरात शिरायच्या आधी उतरवायची? असं कोण करतं? शोभाने माझा हात दाबला. "राहू दे गं. इथनं तिथपर्यंत तर जायचंय." मला तिच्या घरी, तिच्या मुलीच्या लग्नात, फुलं उपटणारी बाई व्हायचं नव्हतं. मी गप्प बसले.

लग्न लागलं, जेवणं झाली, रडारड झाली. मी सुद्धा रडले. निघायच्या वेळी सुहास आपल्या सीटखाली हात घालतो तर सिलिंडर नाही. बाळूमामाने सजवताना ते "चांगलं दिसत नाय" म्हणून डिकीत टाकलं होतं आणि त्यावर नवरीच्या बॅगा रचल्या होत्या. सुहास एरवी कुणाला उलटून बोलत नाही. त्या दिवशी तो भर मांडवात म्हणाला, "ते बाहेर येत नाही तोवर मी गाडीत बसणार नाही." सगळ्या बॅगा निघाल्या, सिलिंडर बाहेर आलं. पुढे तर पायाशी फुलांच्या टोपल्या. रेश्मा मागून म्हणाली, "द्या काका, माझ्याकडे द्या." तिने ते मांडीवर घेतलं, ओटीच्या नारळाशेजारी, आणि फोटोवाला कुरकुरायला लागला म्हणून त्यावर शेल्याचा पदर टाकला. शेजारी तिचा नवरा निलेश, हातात कट्यार, कट्यारीच्या टोकाला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू. पाठराखीण आणि बाकीचं वऱ्हाड मागून टेंपोत. अशी आमची वरात निघाली.

वरात

रस्त्यावर गाडी धावत होती तोवर सगळं छान होतं. खोपोलीत लोक थांबून बघत होते, एका रिक्षावाल्याने चालत्या रिक्षातून अ‍ॅव्हरेज विचारलं. खालापूरच्या बाजूला वळलो, मग आत, निलेशच्या गावाच्या रस्त्याला. दोन्हीकडे वाळलेलं गवत आणि कापून रचलेल्या गंज्या. ऊन उतरायला लागलं होतं. मी इतकी खूश होते, की मोठ्याने गात होते.

गावाच्या वेशीवर बेंजो पार्टी तयार उभी होती. आमच्याकडे बँडवाले लग्नात सिनेमाचं एखादं गाणं वाजवतात आणि लोक बघत उभे राहतात. इथे बेंजो सुरू झाला की बघत उभं राहायची सोय नाही. म्हातारे, बायका, पोरं, सगळा गाव गाडीपुढे नाचायला लागला. गाडी पावलापावलाने चालली. पुढे फटाक्यांच्या माळा फुटत होत्या, धूर, बारूदीचा वास, गोंगाट. तापमानाचा काटा वर चढत होता, तो मी बघत होते. अजून थोडं, समोर घर दिसतंय, असं म्हणत होते.

"नंदा, पेट्रोलचा वास येतोय," सुहास म्हणाला.

"फटाके आहेत ते."

"फटाक्यांना पेट्रोलचा वास येत नाही."

मी त्याला काहीतरी लागेलसं बोलणार होते. तेवढ्यात बॉनेटवरची झेंडूची एक ओळ कडेने काळी पडायला लागली. मग तिथून धूर आला. समोर नाचणाऱ्यांना वाटलं, आम्ही धुराचं मशीन लावलंय. त्यांनी शिट्ट्या मारल्या आणि जास्तच जोरात नाचायला लागले.

मी चावी बंद केली. बॉनेटची कळ आतून ओढली. "उतरा सगळे, गाडी पेटलीय," असं वॉर्डात ओरडायचे तसं ओरडले. माझं दार उघडलं, मागची दोन्ही उघडली. सुहासचं उघडेना. बाळूमामाने त्या दाराच्या हँडलमधूनच तार ओवलेली होती. निघताना ती सैल होती, गचके बसून बसून आवळली होती. त्याला माझ्या सीटवरून बाहेर यायला हवं होतं, आणि त्याचा गुडघा वाकत नाही. मी त्याला काखेत धरून ओढत होते, आणि तो माणूस घाबरायचं सोडून खिडकीतून ओरडत होता, "पिन ओढ, रेश्मा. फट कर नुसती. बुडाला मार."

आता ज्वाळा दिसली. बॉनेटच्या कडेने, हाताएवढी. बेंजो थांबला आणि सगळा गाव एकदम मागे पळाला. एक माणूस उंबऱ्यापाशी भरून ठेवलेली कळशी घेऊन आला. "पाणी टाकायचं नाही," मी अशी ओरडले, की त्याने कळशी खालीच ठेवली.

पुढचं मी सुहासला ओढता ओढता बघितलं. रेश्मा शालू एका हाताने गोळा करून गाडीच्या पुढे गेली. सिलिंडर दुसऱ्या हातात. कळ सुटली होती, पण तारेच्या माळांनी बॉनेट दाबून धरलं होतं, फट पडत नव्हती. निलेशने कट्यारीचं लिंबू उपटून फेकलं, पातं बॉनेटच्या ओठाखाली घातलं आणि अंगाचा भार टाकला. कट्यार शोभेची, पितळी, धार नावाला नाही. ती वाकली, पण तार ताणली गेली आणि चार बोटं फट पडली. रेश्माने त्या फटीत नळी घातली आणि दाबलं. पांढरा ढग उठला, दोघंही त्यात दिसेनाशी झाली. ढग विरला तर खाली कोपऱ्यात अजून एक जीभ हलत होती. ती वाकली, नीट बघितलं, आणि उरलंसुरलं तिथे मारलं.

मग काहीच नाही. धूर, जळक्या झेंडूचा वास, आणि कुठूनतरी एकच फटाका फुटला.

सुहास तोवर माझ्या अंगावर पडून बाहेर आला होता. आम्ही दोघं रस्त्यावर बसलो होतो. मी त्याला मिठी मारली, भर गावात, लाज सोडून. त्याच्या छातीवर कान लावला तर ठोके नेहमीसारखेच पडत होते. माझेच वेडेवाकडे पडत होते.

गाडीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, नाहीतर गाड्यांवाले शेवटपर्यंत तेच शोधत राहतील. बॅटरीची वायर सुहासने काढली. दुसऱ्या दिवशी गाडी टेंपोवर चढवून खोपोलीला गॅरेजात नेली. पंप आणि कार्ब्युरेटरच्या मधला वीतभर रबरी पाइप, बाहेरून काळाभोर नवा दिसणारा, आतून कुजून चिरला होता. पुढून वारा बंद, इंजिन तापलेलं, पेट्रोल थेंब थेंब गरम लोखंडावर. वायरिंग जळलं, रंग फुगला, बाकी गाडी शाबूत आहे. बाळूमामाला मी काही बोलले नाही, आणि बोलणारही नाही. त्याच्या फुलांनी आग लावायला हातभार लावला हे खरं. पण त्या तारा नसत्या तर गर्दीतल्या एखाद्या शहाण्याने धावत येऊन बॉनेट सताड उघडलं असतं, हेही तितकंच खरं.

उंबरठा

आग विझली तरी मला सुटल्यासारखं वाटेना. कारण गाव पुढे येत नव्हता. सगळे अर्ध्या गोलात लांब उभे, आणि मध्ये ती दोघं. रेश्मा केसांपासून पायापर्यंत पांढरी, मुंडावळ्या कानाशी लोंबत होत्या. निलेशच्या हातात वाकडी कट्यार. लिंबू रस्त्यावर.

निलेशची आत्या पुढे आली. मोठी बाई, घरात तिचा शब्द चालत असावा, कारण ती बोलायला लागताच कुजबुज थांबली. "लिंबू पडलं," ती म्हणाली. "दारात आग लागली. आज हिला आत घ्यायची नाय. म्हायेरी न्या परत. बघू, इचारू, मंग आनू."

मला वाटलं, जमीन फाटावी. मला खेड्यातलं ठाऊक नाही असं नाही. असं एकदा परत पाठवलं, की ती मुलगी जन्मभर 'ती, जिच्या वरातीला आग लागली' होते. घरात म्हैस मेली तरी तिच्यामुळे, मूल उशिरा झालं तरी तिच्यामुळे. शोभा तिथे नव्हती, मुलीची आई वरातीबरोबर येत नाही. शोभाच्या जागी मी होते, आणि हे सगळं माझ्या गाडीने केलं होतं. मी उठले. म्हटलं, "आत्याबाई, गाडी माझी. पाइप माझा खराब. मुलीचा काय संबंध?"

"ताई, तुमी पावन्या हाव," ती म्हणाली. "तुमी नका मधी पडू."

 रेश्मा खाली बघत होती. रिकामं सिलिंडर तिने अजून छातीशी धरलं होतं. निलेश तिच्या बाजूला सरकला. "आत्ये, ती गेली तर मी पन जातो," तो म्हणाला, पण आवाज बारीक आला.

दारात त्याची आई उभी होती. सुमनबाई. किडकिडीत, बुटकी, हातात ताट, ताटात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. नव्या जोडप्यावरून ओवाळायला ती मघापासून तशीच थांबली होती.  ती उंबरा उतरून आली. रस्त्यावर, सगळ्यांच्या मधून, सरळ. लिंबू पायाने बाजूला केलं.

भाकरीचा तुकडा तिने रेश्मावरून ओवाळला, मग निलेशवरून. मग माझ्यावरून आणि सुहासवरूनही ओवाळला, जो रिवाजात बसत नाही, आणि लांब फेकला. तांब्यातलं पाणी रेश्माच्या पायांवर ओतलं. पावडर ओघळून पावलं दिसायला लागली. तशीच उभी राहून ती नणंदेकडे वळली.

"वन्सं," ती म्हणाली, "आग लागली तवा मी दारातच हुते. आख्खा गाव मागं पळाला. तुमी पळाला, मी बी आत पळाले. ही एकटी फुडं गेली. आता परत कुनाला धाडायचं, हिला का गावाला?"

 एका म्हाताऱ्याने खाकरून खाली बघितलं. 

सुमनबाईने पदराने रेश्माचं तोंड पुसलं, डोळ्यांभोवतीची पावडर आधी, मग गाल. "चल," म्हणाली. "माप दारात कवाचं भरून ठेवलंय."

आत्याबाईंना राहवलं नाही. त्या मागून ओरडत गेल्या, "उजवा पाय, सूनबाई, उजवा पाय आधी." सूनबाई म्हणाल्या त्या. रेश्माने कुठला पाय टाकला ते मला विचारू नका. मला दिसतच नव्हतं, मी रडत होते.